कारागृहातील व्यवसायशिक्षण

कारागृहातील व्यवसायशिक्षण : कारावासाची शिक्षा भोगणाऱ्या अथवा न्यायचौकशीसाठी अटकेत असलेल्या व्यक्तीस मुक्ततेनंतर प्रामाणिक मार्गाने उपजीविका करता यावी, या हेतूने कारागृहात देण्यात येणारे एखाद्या धंद्याचे पद्धतशीर शिक्षण. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, विणकाम, छपाई, पाव-बिस्किटे भाजणे, शेती, दुग्धव्यवसाय, विजेची जोडणी व दुरुस्ती, संगणकावरील काम इत्यादींचा त्यात समावेश होतो. कारागृहातील श्रम, कारागृह-उद्योग व व्यवसायशिक्षण या तीन संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. तथापि त्यांच्यातील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. श्रम हा सश्रम कारावासाच्या शिक्षेचा भाग असतो आणि तो न्यायालयाच्या आदेशाने येतो. उद्योग हा कारागृह चालविणाऱ्या शासनाच्या गरजेसाठी असतो. त्याचे यश उत्पादन व विक्री यांवरून मोजतात. व्यवसायशिक्षण मात्र बंद्याच्या पुढील आयुष्यासाठी असते. त्याचे यश कारागृहाच्या हिशेबवहीत दिसत नाही. ते बंद्याच्या गावी, मुक्ततेनंतर दिसते किंवा दिसत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अपराध्याकडून काम करून घेण्याची प्रथा प्राचीन आहे. गलबतावरील वल्ही मारणे, खाणी खोदणे, रस्ते व तटबंद्या बांधणे ही कामे अनेक देशांत दंडितांकडून करवून घेत असत. कामातून माणूस सुधारावा, ही कल्पना त्यामानाने अलीकडची आहे. लंडन येथील ब्राइडवेल हे सुधारगृह सोळाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झाले. ॲम्स्टरडॅम येथे १५९६ मध्ये पुरुषांसाठी व त्यानंतर लवकरच स्त्रियांसाठी अशी गृहे निघाली. पुरुषांकडून रंगासाठी लागणारे कठीण लाकूड किसून घेत, तर स्त्रियांना सूतकताईस बसवीत. आळस हे गुन्ह्याचे मूळ असून श्रमाची सवय हा त्यावरील उपाय, अशी त्यामागील धारणा होती. अठराव्या शतकात जॉन हॉवर्ड याने इंग्लंडातील तुरुंगांची पाहणी करून १७७७ मध्ये आपला प्रसिद्ध वृत्तांत प्रकाशित केला व तेथील घाण, रोगराई आणि निरुद्योग यांकडे लोकांचे लक्ष वेधले.

एकोणिसाव्या शतकात श्रमाला पुन्हा निव्वळ शिक्षेचे रूप आले. विल्यम क्यूबिट या अभियंत्याने १८१८ मध्ये तयार केलेले पायचाक इंग्लंडातील अनेक तुरुंगांत बसविण्यात आले. त्यावर बंदी तासन्‌तास पायऱ्या चढत राहत. पुष्कळ ठिकाणी त्यातून काहीच निर्माण होत नसे. अमेरिकेत ऑबर्न येथील कारागृहात दिवसा एकत्र पण मौन पाळून काम आणि रात्री एकांतकोठडी, अशी पद्धती रूढ झाली. तिच्यामुळे कारखानदारीस चालना मिळाली. शिक्षण मात्र नगण्यच राहिले. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथील सुधारगृहात १८७६ पासून झेब्युलन ब्रॉकवे याने तरुण अपराध्यांना निश्चित धंदे शिकविण्याचा व प्रगतीनुसार मुक्तता देण्याचा प्रयोग केला. तेथील कठोर शारीरिक शिक्षेमुळे तो पुढे टीकेस पात्र ठरला, तरी धंदेशिक्षण हा कारावासाचा हेतू असू शकतो, हे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या जिनीव्हा येथील परिषदेने १९५५ मध्ये बंद्यांना द्यावयाच्या वागणुकीचे किमान प्रमाणभूत नियम संमत केले. त्यांची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये स्वीकारण्यात आली. तीस नेल्सन मंडेला नियम असे नाव आहे. कारागृहातील काम क्लेशदायक असू नये. कामाची पद्धती शक्य तितकी बाहेरच्या जगातील कामासारखी असावी. उपयुक्त धंद्यांचे शिक्षण, विशेषतः तरुण बंद्यांना, देण्यात यावे. कामाचा न्याय्य मोबदला मिळावा, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. उद्योगातून नफा मिळविण्याच्या हेतूपुढे बंद्यांचे हित व त्यांचे व्यवसायशिक्षण गौण मानू नये, हे त्यांतील तत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

भारतातील विकास : ब्रिटिश अमदानीच्या आरंभी बंद्यांना प्रामुख्याने रस्त्यांच्या कामावर पाठवीत. १८३६ मध्ये नेमलेल्या व १८३८ मध्ये अहवाल सादर केलेल्या समितीने ही पद्धती सदोष ठरविली. मेकॉले हा या समितीचा एक सदस्य होता. तथापि तिच्या जागी समितीने सुचविली ती तुरुंगाच्या भिंतीआड करावयाची कंटाळवाणी व एकसुरी कामे. शिक्षणाने वा सदुपदेशाने बंदी सुधारेल, या कल्पनेस तिने थारा दिला नाही. याच सुमारास, १८३७ मध्ये, जबलपूर येथे माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली होती. तेथील तंबू व गालिचे नावाजले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालचा तुरुंग महानिरीक्षक फ्रेडरिक मौएट याने तुरुंगांत उत्पादक उद्योग चालविण्याचा जोरदार पुरस्कार केला. आग्रा येथील बंद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात अंथरण्यात आला. तुरुंगाचा माल बाजारात येऊ लागताच खासगी उत्पादकांनी स्पर्धेची तक्रार केली. परिणामी सरकारी खात्यांना लागणाऱ्या वस्तू तयार करण्यावर तुरुंगांचा भर राहिला आणि हेच धोरण पुढे दीर्घकाळ टिकले.

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने सश्रम कारावासातील बंद्याच्या कामाची कमाल मर्यादा दिवसाला नऊ तास अशी ठरविली. वैद्यकीय अधिकाऱ्याने काम करणाऱ्या बंद्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करून वजनाची नोंद ठेवावी व प्रकृतीस अपायकारक ठरणारे काम बदलून द्यावे, अशीही तरतूद त्यात होती. साध्या कारावासातील बंद्यास काम ऐच्छिक होते. शिक्षणाविषयी मात्र हा अधिनियम जवळजवळ मूक होता. अंदमान येथील कोलू म्हणजे तेलाचा घाणा हे त्या काळातील श्रमकल्पनेचे प्रतीकच म्हणता येईल : नेमून दिलेले तेल भरले म्हणजे काम संपले, माणूस काय शिकला हा प्रश्नच नव्हता. अलेक्झांडर कार्ड्‌यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९–२० च्या भारतीय कारागृह समितीने दहशतीबरोबरच सुधारणा हेही कारागृहाचे ध्येय होय, हे प्रथमच स्पष्टपणे मान्य केले.

राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांना कारावासाचा प्रत्यक्ष अनुभव असल्याने या प्रश्नास नवे परिमाण लाभले. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना सुटसुटीत पेटीचरख्याची जी रचना सिद्ध केली, ती पुढे ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखली गेली. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेस मंत्रिमंडळे आली, तेव्हा तुरुंगांना सुधारगृहांचे व स्वावलंबी उद्योगशाळांचे रूप द्यावे, असे त्यांनी सुचविले. स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी १९५१–५२ मध्ये भारतातील कारागृहांची पाहणी केली. १९५७ मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय कारागृह नियमपुस्तिका समितीच्या कामातून १९६० ची आदर्श नियमपुस्तिका सिद्ध झाली. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने (१९८०–८३) राष्ट्रीय कारागृह धोरणाची शिफारस केली. कारागृहे हा राज्यसूचीतील विषय असल्याने अशा शिफारशींची अंमलबजावणी राज्यागणिक भिन्न राहिली. २०१६ मध्ये सुधारित आदर्श नियमपुस्तिका व २०२३ मध्ये आदर्श अधिनियमाचा मसुदा केंद्र शासनाने राज्यांकडे पाठविला. २०२४ च्या जुलैपासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही सश्रम व साधा कारावास हा जुना भेद कायम आहे.

खुली कारागृहे : शिक्षण व मोकळीक यांचा परस्परसंबंध दाखवून देणारा एक प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने १९३९ मध्ये आटपाडीजवळ (सध्या जि. सांगली) ‘स्वतंत्रपूर’ ही बंद्यांची मुक्त वसाहत वसविली. भिंती, कुलपे व शस्त्रधारी पहारा यांवाचून गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या मोजक्या बंद्यांना तेथे शेतीच्या कामास ठेवण्यात आले आणि कुटुंबासह राहण्याची मुभा देण्यात आली. या वसाहतीच्या कथेवर ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेला व व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला दो आँखें बारह हाथ हा चित्रपट १९५७ मध्ये प्रकाशित झाला. उत्तर प्रदेशात १९५२ पासून संपूर्णानंद यांच्या पुरस्काराने धरणे व कालवे यांच्या कामावर बंद्यांची खुली शिबिरे भरविण्यात आली. राजस्थानातील सांगानेर येथील खुली वसाहत १९६३ पासूनची आहे.

महाराष्ट्रात येरवडा, पैठण, विसापूर, मोर्शी इ. ठिकाणी खुली कारागृहे आहेत. १९७१ च्या महाराष्ट्र खुली कारागृहे नियमांनी त्यांच्या कारभारास निश्चित रूप दिले. गोदावरीकाठचे पैठण येथील खुले कारागृह १९६८ मध्ये, जायकवाडी प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात सुरू झाले. १९७६ मध्ये धरणाचे उद्‌घाटन झाल्यानंतरही कारागृह चालू राहिले व शेती हा तेथील मुख्य व्यवसाय झाला. खुल्या कारागृहात वर्तन व उर्वरित शिक्षेची मुदत पाहून निवडलेले सिद्धदोष बंदीच पाठविले जातात. बंदिस्त कारागृहापेक्षा तेथे शिक्षेत अधिक माफी व अधिक मजुरी मिळते. याहूनही मोठा लाभ असा, की बंदी तेथे हंगाम, हवामान, पाणी, पीक व बाजार यांच्या प्रत्यक्ष संपर्कात राहतो आणि निर्णय घेण्याची त्याची सवय मोडत नाही. बंदिस्त कारागृहातील दीर्घ वास्तव्याने नेमकी हीच सवय नाहीशी होते. कुशल कारागीर असूनही वेळेचे, पैशाचे व माणसांचे नियोजन न जमल्याने मुक्त बंदी धंद्यात अपयशी ठरतो, याचे हे एक प्रमुख कारण होय.

महाराष्ट्रातील कारागृह-उद्योग : राज्यातील कारागृह-उद्योगांत पुणे येथील येरवडा मध्यवर्ती कारागृहाचे स्थान अग्रगण्य आहे. १८७१ च्या सुमारास बांधलेल्या या कारागृहात विणकाम, सुतारकाम, शिवणकाम, लोहारकाम व कागदकाम यांची परंपरा जुनी असून शासकीय कार्यालयांना लागणारे लाकडी सामान, गणवेश, सतरंज्या, चादरी इ. माल तेथे तयार होत आला आहे. नाशिक रोड, नागपूर, कोल्हापूर, अमरावती, ठाणे व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हर्सूल या मध्यवर्ती कारागृहांतही कमीअधिक प्रमाणात कार्यशाळा व शेती आहे. अलीकडच्या काळात लोकांच्या नित्य गरजांशी व सणवारांशी निगडित असे उद्योग पुढे आले. नाशिक रोड येथे बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्ती आणि कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात महिला बंद्यांनी वळलेले अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा वस्तूंमुळे उत्पन्नाखेरीज आणखी एक गोष्ट साधते : बंद्याच्या हातच्या वस्तूविषयी समाजाला वाटणारी अढी सैल होते.

तथापि उद्योगाची भरभराट म्हणजे शिक्षणाची प्रगती नव्हे. उद्योगास हात भरभर चालणारे कामगार हवे असतात. म्हणून ज्यास काम येते त्यालाच त्याच कामावर ठेवण्याकडे कल असतो. एखादा बंदी दहा वर्षे केवळ काज-बटणे करीत राहिला, तर गणवेशांची संख्या भरते. परंतु माप घेऊन, कापड बेतून, संपूर्ण अंगरखा शिवणारा शिंपी तयार होत नाही. शिक्षणात याच्या उलट असते. शिकाऊ माणसाच्या हातून माल बिघडतो, वेळ अधिक जातो आणि तो तयार होताच पुढच्या पायरीवर न्यावा लागतो. या दोन हेतूंतील ओढाताण हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे.

शिक्षणाची पद्धती : बंदी दाखल झाल्यावर त्याचे वय, प्रकृती, शिक्षेची मुदत, पूर्वीचा धंदा, साक्षरता व कल पाहून त्याचे वर्गीकरण करणे आणि त्यानुसार काम नेमणे अपेक्षित असते. अल्प मुदतीच्या बंद्यास काही आठवड्यांत आत्मसात होणारे कौशल्य शिकविणे इष्ट ठरते. दीर्घ मुदतीच्या बंद्यास पूर्ण धंदा शिकविता येतो, मात्र तो मुक्ततेच्या वेळेपर्यंत कालबाह्य होणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. जन्मठेपेच्या आरंभी शिकलेले यंत्र शिक्षेच्या अखेरीस बाहेर कोठेही उरलेले नसते, असा अनुभव येतो. अशा बंद्यांचे शिक्षण आरंभी सामान्य, मधल्या काळात उत्पादनाशी निगडित आणि मुक्ततेपूर्वीच्या वर्षा-दोन वर्षांत पुन्हा नव्या पद्धतींचे, अशा टप्प्यांनी करणे श्रेयस्कर ठरते.

व्यवसायशिक्षणाचा पाया साक्षरता व अंकज्ञान हा आहे. मापे वाचता येणे, दर काढणे, उधारीची नोंद ठेवणे व बँकेचे व्यवहार करणे यांवाचून हस्तकौशल्य अपुरे पडते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्या कारागृहांतील अभ्यासकेंद्रांमुळे बंद्यांना पदविका व पदवीपर्यंत शिक्षण घेता येऊ लागले. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बंद्यास शिक्षेत विशेष माफी देण्याचीही तरतूद आहे. धंद्याचे प्रमाणपत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तत्सम बाह्य मंडळाच्या परीक्षेनंतर मिळावे आणि त्यावर कारागृहाचा उल्लेख नसावा, हे तत्त्व सर्वत्र मान्य झाले आहे. ज्या प्रमाणपत्रावरून धारक कोठे शिकला हे कळते, ते प्रमाणपत्र त्याची पात्रता सांगण्याआधी त्याचा पूर्वेतिहास सांगते.

मजुरी व कुटुंब : बंद्याच्या कामास मोबदला द्यावा की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. केरळ उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बंद्यांना किमान वेतन मिळावे, असा दृष्टिकोन स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरात राज्यासंबंधीच्या निर्णयात सश्रम कारावासातील सक्तीचे काम वैध ठरविले. मात्र त्यासाठी न्याय्य मजुरी देणे बंधनकारक आहे, ती ठरविताना अन्नवस्त्रावरील खर्च विचारात घेता येईल आणि तिचा काही भाग गुन्ह्याची झळ पोहोचलेल्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा, असे सांगितले. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल व अकुशल असे मजुरीचे वर्ग असून खुल्या कारागृहासाठी वेगळा, अधिक दर असतो. हे दर बाहेरील किमान वेतनाच्या मानाने बरेच कमी आहेत. तरीही घरी पैसे पाठविणारा बंदी कुटुंबात आपले स्थान काही अंशी राखतो, ही गोष्ट पुनर्वसनाच्या दृष्टीने मोलाची आहे. याच तत्त्वाचा पुढचा टप्पा म्हणून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा येथे ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. तीत बंद्याच्या कारागृहातील मजुरीच्या आधारे पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज सात टक्के व्याजाने देण्याची सोय करण्यात आली. कारागृहातील श्रमास बँकेच्या लेखी पत मिळाली, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

शिक्षणापासून वंचित वर्ग : कार्यशाळा व प्रशिक्षण यांची रचना मुख्यतः सिद्धदोष बंद्यांसाठी झालेली आहे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन होते. न्यायाधीन बंदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असल्यामुळे त्यांच्यावर श्रमाची सक्ती करता येत नाही. मात्र याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो, की ते शिक्षणासही मुकतात. जामीनदार न मिळाल्याने महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, अटकेत राहिलेला तरुण बराकीत रिकामा बसून राहतो व निर्दोष सुटला तरी बाहेर पडताना त्याच्या हाती काहीच नसते. सुटकेची तारीख अनिश्चित असल्याने अशांसाठी लहान लहान, स्वतंत्रपणे पूर्ण होणाऱ्या आणि बाहेर गेल्यावर पुढे चालू ठेवता येणाऱ्या पाठ्यक्रमांची गरज आहे.

कामाच्या वाटपातील जातिभेद हा दुसरा गंभीर दोष होय. स्वयंपाक उच्च मानलेल्या जातींच्या बंद्यांकडे आणि झाडलोट व मैला साफ करणे दलित जातींच्या बंद्यांकडे, अशी विभागणी अनेक राज्यांच्या नियमपुस्तिकांतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे चालत आली होती. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या व १९५२ मध्ये विमुक्त झालेल्या जमातींविषयीचे पूर्वग्रहही त्यांत टिकून होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या निर्णयात अशा तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ज्याच्या वाट्याला कारागृहात केवळ झाडूच आला, त्यास कोणताही धंदा शिकण्याची संधी मिळत नाही. म्हणून हा निर्णय व्यवसायशिक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

महिला बंद्यांची संख्या अल्प असल्याने त्यांच्यासाठी वेगळ्या कार्यशाळा उभारण्यास टाळाटाळ होते व त्यांचे शिक्षण शिवण, भरतकाम, पापड-लोणची यांपुरते मर्यादित राहते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालात महिला बंद्यांच्या प्रश्नांचा स्वतंत्र विचार केला आहे. सहा वर्षांपर्यंतची मुले मातेबरोबर कारागृहात राहू शकतात. त्यांच्या सांभाळाची सोय नसेल, तर माता वर्गास बसू शकत नाही. मुक्ततेनंतर स्त्रीस माहेर व सासर दोन्ही दारे बंद होण्याचा संभव असतो. त्यामुळे पुरुषापेक्षा तिला स्वतंत्र उपजीविकेची निकड अधिक असते.

मुक्ततेनंतरची परिस्थिती : व्यवसायशिक्षणाची खरी कसोटी गावी लागते. हे स्पष्ट होण्यासाठी बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावाचे उदाहरण घेता येईल. येथे पोलीस ठाणे आहे. या परिसरात गुन्हा नोंदला गेल्यास आरोपी सामान्यतः बीडच्या जिल्हा कारागृहात न्यायाधीन म्हणून राहतो; दीर्घ शिक्षा झाल्यास त्याची रवानगी हर्सूलसारख्या मध्यवर्ती कारागृहात होते आणि पात्र ठरल्यास पुढे पैठणच्या खुल्या कारागृहात होऊ शकते. पैठणहून निघणारा जायकवाडीचा १३२ किमी. लांबीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातूनच माजलगावकडे जातो. तरीही या भागातील पुष्कळ शेती पावसावर अवलंबून असून कापूस, तूर व बाजरी ही तेथील पिके होत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी ‘उचल’ हे त्यांचे भांडवल आणि पती-पत्नीची जोडी मिळून होणारा एक ‘कोयता’ हे त्यांचे श्रमाचे एकक असते. पती कारागृहात गेला, की पत्नीचा ‘अर्धा कोयता’ उरतो. तिची उचल घटते आणि जुनी फिटत नाही.

अशा घरी परतणाऱ्या माणसास पहिली निकड रोख रकमेची असते. मुकादम त्याच्याकडे प्रमाणपत्र मागत नाही वा पूर्वेतिहास विचारत नाही. तो उचल देतो. उलट कारागृहात शिकलेला धंदा सुरू करण्यास हत्यारे, जागा व पहिल्या काही महिन्यांचा खर्च लागतो. नोकरी शोधावी, तर चारित्र्य पडताळणीचा कागद पुन्हा त्याच पोलीस ठाण्याकडे जातो. म्हणून शिक्षण उत्तम असले, तरी उचलीपुढे ते हरण्याचा संभव असतो. गालिचा विणणाऱ्यास ज्या गावी मागही नाही आणि गिऱ्हाईकही नाही, तेथे त्याचे कौशल्य वाया जाते. याउलट विहिरीवरील पंपाची जळालेली मोटार भरणे, ठिबक सिंचनाची जोडणी, ट्रॅक्टर व दुचाकीची दुरुस्ती, जोडकाम, गवंडीकाम व शेळीपालन यांना तेथे मागणी आहे. ही कामे थोड्या भांडवलात होतात व गावातच करता येतात. कोणता धंदा शिकवावयाचा, हे कारागृहात कोणती यंत्रे आहेत यावरून नव्हे, तर बंदी कोठे परतणार आहे यावरून ठरविले पाहिजे, असा याचा निष्कर्ष होय.

या दृष्टीने संचित व अभिवचन रजा यांचेही महत्त्व आहे. नियमांनुसार मिळणाऱ्या या रजांच्या काळात बंद्यास घरचे संबंध टिकविता येतात आणि गावात कोणत्या कामास मागणी आहे, हे पाहता येते. मुक्ततेनंतरच्या साहाय्यास अनुरक्षण म्हणतात. महाराष्ट्रात हे कार्य जिल्हा परिवीक्षा अधिकारी तसेच महाराष्ट्र राज्य परिवीक्षा व अनुरक्षण संघटना यांच्यामार्फत चालते. साधनांचा संच, अल्प भांडवल व पहिल्या वर्षातील पाठपुरावा या तीन गोष्टी शिक्षणास जोडल्या गेल्या, तरच साखळी पूर्ण होते.

मूल्यमापन : अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कारागृहातील शिक्षणात भाग घेतलेल्या बंद्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता, संख्याशास्त्रीय गुणोत्तराच्या परिभाषेत, इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे तीत आढळले. अशा निष्कर्षांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. कारण शिक्षणासाठी आपण होऊन पुढे येणारे बंदी मुळातच सुधारणेस अधिक अनुकूल असण्याचा संभव असतो. भारतात कारागृहांचे अहवाल प्रशिक्षित बंद्यांची संख्या व विक्रीची रक्कम देतात. मुक्ततेनंतर वर्षाने त्यांपैकी किती जण शिकलेला धंदा करीत आहेत, याची नोंद ठेवण्याची पद्धत मात्र रूढ झालेली नाही. ही नोंद हाच या शिक्षणाचा खरा ताळेबंद होय. कारावासाने मनुष्याच्या स्वातंत्र्याचे अपहरण होते, ती शिक्षा न्यायालयाने दिलेली असते. परंतु मुक्ततेनंतर त्याने उपजीविकेवाचून राहावे, अशी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नसते. ती टाळणे हे व्यवसायशिक्षणाचे प्रयोजन आहे.